सोमवारचा जिना

कुणाला दम लागलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. ‘येतो’ असंच लिहिते आहे, कारण खोड पुरती गेलेली नाही. फरक इतकाच की पूर्वी मी त्या गोळ्याला शहाणपण समजत होते, आता भीती म्हणते. हा एक शब्द बदलायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आणि मधल्या वर्षांत त्या भीतीची किंमत मोजली ती माझ्या लेकीनं.

सुरुवात बाबांपासून करायला हवी. आमचं बिऱ्हाड काळाचौकीतल्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. बाबा गिरणीत होते, कार्डिंग खात्यात. कापसाच्या गठड्या फोडून, पिंजून, काटेरी रुळांवरून त्याचे पेळू होतात ते हे खातं. गिरणीत सगळ्यात जास्त कापूस उडतो तो इथे. बाबा पाळीवरून यायचे तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या असायच्या, आणि आई दारातच त्यांच्या अंगावरून फडकं फिरवायची. खेळच वाटायचा तो मला.

जिना मात्र खेळ नव्हता. पहिल्या मजल्यावर बाबा एकदा थांबायचे, दुसऱ्यावर दोनदा. थांबायचे तेव्हा कठड्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघायचे, जणू खाली कुणी ओळखीचं चाललं आहे. मी त्यांची पिशवी घेऊन एक पायरी वर उभी राहायची आणि मनात नवाचा पाढा म्हणायची. पाढा संपेपर्यंत ते निघाले तर बरा दिवस. तीनदा म्हणावा लागला तर वाईट. सोमवार नेहमी वाईट असायचा. इतर माणसं रविवारच्या सुट्टीनं ताजी होतात, आमचे बाबा सुट्टीनं आजारी पडायचे. आई म्हणायची, आराम सोसत नाही गं ह्यांना.

त्या सोमवाराचं नाव मला कितीतरी वर्षांनी कळलं. बिसिनोसिस. कापसाच्या धुळीनं होणारा छातीचा आजार. त्याची खूणच ही, की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येते आणि पुढच्या दिवसांत सैल होते. वर्षं गेली की सोमवारचा मंगळवार, बुधवार होतो, आणि मग सगळे वार सारखेच. कामगार आपसात म्हणायचे, छातीत कापूस गेला. दवाखान्यात नुसतं ‘दमा’ म्हणून बाटली भरून द्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांत बाबा एक. तेव्हा त्यांचा खोकला खरंच कमी झाला. जिना मात्र सुटला नाही. १९८९ साली गेले. शेवटच्या वर्षी तर ते खाली उतरायचेच नाहीत, कारण उतरलं की चढावं लागतं.

तर मी ज्या घरात वाढले, तिथे दम लागणं ही शेवटाची सुरुवात होती. हे कुणी मला शिकवलं नाही, म्हणूनच कुणी खोडूनही काढलं नाही.

लग्नानंतरही मी काळाचौकीतच राहिले, अभ्युदय नगरात. लेक झाली. आठ-नऊ वर्षांची झाल्यावर ती शहीद भगतसिंग मैदानावर कबड्डी खेळायला लागली. आमच्या भागात हे काही विशेष नाही. लालबाग-परळ-काळाचौकीच्या पोरांना गणपती आणि कबड्डी शिकवावी लागत नाही. तेरा वर्षांची होईपर्यंत ती चांगली चढाईपटू झाली होती. पाय लांब, कंबर हलकी, बोनस घेताना मागचा पाय असा उचलायची की बघणाऱ्याला वाटावं, उचललाच नाही.

मी मैदानाच्या कडेला उभी राहायची आणि तिचा खेळ बघायचा सोडून तिची छाती बघायची. चढाई करून परतली की ती गुडघ्यांवर हात टेकून वाकायची. तोंड उघडं, खांदे वर-खाली. मला बाबा दिसायचे. २००९ च्या पावसाळ्यानंतर एका संध्याकाळी सराव जरा लांबला, ती नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली, आणि मी सरळ आत जाऊन तिची पिशवी उचलली. सगळ्यांसमोर. घरी आल्यावर अभ्यासाचं कारण पुढं केलं. दहावी तीन वर्षांवर होती, पण कारण म्हणून तिचा उपयोग तेव्हापासूनच होतो.

तिचे प्रशिक्षक घरी आले. साधा माणूस, दारातच चपला काढून उभा. “बाई, पोरगी पुढं जाईल,” म्हणाले. मी म्हटलं, तिला फार दम लागतो. ते हसले. “दमाचाच खेळ आहे, बाई. लागणारच. लागतो म्हणून तर वाढतो.” त्यांचं हसणं मला उद्धट वाटलं. मी चहासुद्धा विचारला नाही. आज ते वाक्य मी कुठल्याही पाठ्यपुस्तकात घालीन. तेव्हा मनात म्हटलं होतं, ह्यांना काय कळतंय.

मग मी लेकीला माझ्याबरोबर सकाळी चालायला न्यायला लागले. चाळीस मिनिटं, संथ, घाम न येता. माझ्या लेखी व्यायाम म्हणजे तेच. (चालण्याला नावं ठेवत नाही, अजूनही चालते. पण तेरा वर्षांच्या पोरीला मी साठीतल्या माणसाचा व्यायाम दिला होता.) २०१२ च्या मार्चमध्ये पाटण्याला महिलांचा पहिला कबड्डी विश्वचषक झाला. भारतानं जिंकला, संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे. वर्तमानपत्रात फोटो आला. लेकीनं तो पाहिला, घडी घातली आणि पेपर रद्दीत ठेवला. एक शब्द बोलली नाही. मीही नाही. त्या न बोलण्यालाही मी समजूतदारपणा म्हणत होते.

मन बदललं ते ऑक्टोबर २०१९ मध्ये, आणि त्याचं श्रेय निवडणुकीला द्यायला हवं. विधानसभेच्या मतदानाचं काम मी शिकवते त्या शाळेतल्या क्रीडाशिक्षकांच्या गळ्यात पडलं. मुलींचा कबड्डीचा संघ, आंतरशालेय स्पर्धा तोंडावर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, चार दिवस तुम्ही उभ्या राहा मैदानावर. मी मराठी शिकवते. कबड्डीतलं माझं कर्तृत्व म्हणजे एका खेळाडूला घरी नेणं. पण नाही म्हणता आलं नाही. सरांनी हातात स्टॉपवॉच दिलं आणि कागदावर लिहून दिलं: तीस सेकंद जीव तोडून, नव्वद सेकंद थांबा, असे आठ फेरे. मध्य रेषेवरून निघायचं, निदान रेषा ओलांडायची, बोनस रेषेपर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. तीस सेकंद का, तर चढाई तेवढ्याचीच असते. “आणि काही झालं तर?” मी विचारलं. “काय होणार?” सर म्हणाले आणि बस पकडायला गेले.

मी मनाशी ठरवलं होतं, आठ काही होऊ द्यायचे नाहीत. चारवर थांबवू, सरांना आठ सांगू.

नववीतली एक किरकोळ अंगाची मुलगी होती. चौथा फेरा संपवून ती आली आणि वाकली. गुडघ्यांवर हात, तोंड उघडं. मी ओरडले, “बस! पुरे!” तिला बोलता येत नव्हतं. तिनं नुसता तळवा वर केला, रस्ता ओलांडताना गाडीला दाखवतो तसा. थांबा. मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं आणि स्टॉपवॉचवर नाडी मोजली. पंधरा सेकंदांत सेहेचाळीस ठोके. मिनिटाला १८४. माझेच हात गार पडले. मनगट सोडलं नाही. का कोण जाणे, नवाचा पाढा आठवला. पाढा एकदा म्हणून होईपर्यंत तिचं वाकणं संपलं होतं. मिनिटानं पुन्हा मोजले, पस्तीस. आणखी मिनिटानं मोजत होते तर सत्तावीसवर ती म्हणाली, “बाई, हात सोडा ना. माझा नंबर आला.”

आणि गेली. पाचव्या फेऱ्याला ती तशीच धावली.

मी तिथेच उभी राहिले. मागून पुढच्या मुलीनं विचारलं, बाई, वेळ लावली का? लावली नव्हती. मी ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी दम नीट ऐकत होते. त्या पोरीचा श्वास मोठा होता, खरखरीत होता, पण त्याला शिट्टी नव्हती. आत जात होता तसाच धडधडीत बाहेर येत होता. बाबांचा आत जायचा आणि बाहेर यायला त्याला वाट मिळायची नाही. बारीक, लांब, चिमटीतून सोडल्यासारखा निघायचा. तिचा दम दर क्षणाला कमी होत होता, बाबांचा जिन्यावर तसाच राहायचा. दुसरीत असल्यापासून मी दम ऐकत आले होते, पण एकाच माणसाचा. त्याच एका मापानं मी सगळ्या जगाच्या छात्या मोजल्या.

मी भाषेची शिक्षिका आहे, याची त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज वाटली. दम धरणं, दम खाणं, दमानं घेणं, दम निघणं, दम लागणं, दम कोंडणं. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. एखाद्या पोरानं पेपरात दोन वाक्प्रचारांना एकच अर्थ दिला तर लाल रेघ मारते. स्वतः मात्र ‘लागणं’ आणि ‘कोंडणं’ एक धरून चालले, आणि त्या चुकीवर लेकीचा खेळ बंद केला.

मुलींनी आठ फेरे पूर्ण केले. मी कुठेही थांबवलं नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले. भीतीला निव्वळ धीर पुरत नाही, तिला माहिती लागते. स्नायूच्या पेशीत तयार ऊर्जा, एटीपी, जेमतेम दोन-चार सेकंदांची असते. मग क्रिएटिन फॉस्फेट नावाचा राखीव साठा दहाएक सेकंद किल्ला लढवतो. त्यापुढं प्राणवायूची वाट न बघता पेशी साखर फोडायला लागतात, मांडी पेटते ती तेव्हा. आम्लता वाढते, ती मारताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो बाहेर टाकायला छाती भात्यासारखी चालते. म्हणजे धडधाकट माणसाला धावून दम लागतो तो रक्तातला प्राणवायू संपला म्हणून नव्हे. बाहेर टाकायचा माल वाढला म्हणून. आणि ज्या लॅक्टेटला आम्ही विष समजत होतो, ते विसाव्यात हृदय इंधन म्हणून वापरतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. घरातलं काही वाया न घालवणाऱ्या बाईसारखं शरीर आहे हे.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात मार्टिन गिबाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग छापला. तरुण मंडळींना सायकलवर तीस सेकंद जीव खाऊन पायडल मारायला लावलं, मध्ये चार मिनिटं विसावा, असं चार ते सात वेळा. दोन आठवड्यांत अशी फक्त सहा सत्रं. आधी ठरावीक जोरानं सरासरी २६ मिनिटं टिकणारे आता ५१ मिनिटं टिकले. माणसं मोजकीच होती, पण तीस सेकंदांचा आकडा वाचून मी थबकले. कॅनडातल्या प्रयोगशाळेत जे चाललं होतं, ते भगतसिंग मैदानावर माझी लेक रोज संध्याकाळी करत होती. फक्त तिच्या समोर सात जणी पकड करायला उभ्या होत्या.

ऊर्जेचा साठा असा धाडकन खाली आला की पेशीत धोक्याची घंटा वाजते आणि ती नव्या तंतुकणिका उभारायला लागते, पेशीतल्या वीजघरांची संख्या वाढते. तंतुकणिका! शाळेत हा शब्द आम्ही पाठ केला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बाबांच्या भुवयांवरचा कापूस यायचा. एक तंतू छाती बंद करणारा, एक दम वाढवणारा. मराठीनं दोघांना एकच शब्द द्यावा, आणि मी पुन्हा फसावं.

नॉर्वेतला २००७ चा अभ्यास तर मी दोनदा वाचला. हृदय कमजोर झालेले रुग्ण, सरासरी वय पंचाहत्तर. देखरेखीखाली चार-चार मिनिटं जोरात चालवलं, मध्ये संथ. हा धावण्याचा व्यायाम नव्हे, तीस सेकंदांचाही नव्हे. पण त्यांची प्राणवायू वापरायची क्षमता ४६ टक्के वाढली, एकसारखं मध्यम चालणाऱ्यांची १४ टक्के. पंचाहत्तरीची, दुखऱ्या काळजाची माणसं. आणि मी तेरा वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या पोरीला बसवून ठेवलं.

वाचून भीती जाते असं मात्र नाही. माझी साखर काठावर आली होती, एचबीए१सी ६.३. डॉक्टर म्हणाले, चालण्यात थोडा जोर घाला, पण आधी छातीची तपासणी करून घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रेडमिलची चाचणी करून घेतली, ठीक निघाली. मार्चमध्ये करोनाची टाळेबंदी आली. मैदान बंद, चालणं बंद. उरला जिना. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, खालच्या फाटकापासून आमच्या दारापर्यंत चौसष्ट पायऱ्या. मॅकमास्टरवाल्यांनी जिन्यावरही प्रयोग केलेले आहेत. वीस सेकंद जोरात चढायचं, दोन मिनिटं सावकाश, असं तीनदा. दुसऱ्या एका प्रयोगात दिवसातून तीन वेळा साठ पायऱ्या. सहा आठवड्यांत दोन्हीकडे दम वाढला, दुसऱ्यात अगदी थोडा, पाचेक टक्के. मला तेवढाही चालला असता.

पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला गेले, कुणी बघू नये म्हणून. वीस सेकंदांत सव्वीस पायऱ्या झाल्या. कानात ठोके, घशात लोखंडाची चव, मांड्यांत आग. थांबले आणि पाहिलं तर माझा हात कठड्यावर होता आणि तोंड जिन्याच्या जाळीतून रस्त्याकडे. बाबांसारखंच. जिना वेगळा, पण कोन तोच. क्षणभर वाटलं, झालं, आलं आपलं बोलावणं.

तेव्हा घरोघरी ऑक्सिमीटर आले होते. सगळी मुंबई बोटाला चिमटा लावून श्वास मोजत होती. मी ते खिशात घेऊनच गेले होते. बोट चिमट्यात घालून हात छातीशी स्थिर धरला. नाडी १५२, प्राणवायू ९८. मी धापा टाकत होते, पायरीवर मटकन बसले होते, आणि यंत्र शांतपणे ९८ दाखवत होतं. नवाचा पाढा म्हटला. दुसऱ्यांदा म्हणताना नाडी १२० च्या खाली होती. उठले, सावकाश खाली गेले आणि पुन्हा चढले.

दोन आठवड्यांनी आणखी एकदा घाबरले. हौसेनं जिन्याच्या आधी आणि नंतर साखर मोजली. आधी ११६, नंतर १४८. वाढली! मी डॉक्टरांना फोन लावला, आवाजात विजयच होता जवळजवळ: बघा, मी म्हणत नव्हते? ते म्हणाले, जोराच्या श्रमात अॅड्रिनलिन उसळतं, यकृत साखर सोडतं, थोड्या वेळानं स्नायू ती ओढून घेतात, इन्शुलिनची फार वाट न बघता. जिन्यावर मोजू नका, तीन महिन्यांनी मोजा. तीन महिन्यांनी ५.९ आली. त्यात जिन्याचा वाटा किती आणि वडापावच्या गाड्या बंद असल्याचा किती, हे मला सांगता येणार नाही.

शेजारच्या काकूंनी एकदा मला पायरीवर बसलेलं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या, स्टूल आणि स्वतःच्या सुनेला घेऊन धावत आल्या. त्यांना काही सांगायला मला बोलता येईना. मी तळवा वर केला. थांबा.

लेकीशी बोलायचं मात्र दोन वर्षं टाळलं. ती आता डोंबिवलीला असते. मग एका दिवाळीत ती फराळाचे डबे भरत असताना म्हटलं, मी तुझा खेळ बंद केला ते चुकलं. दम लागला म्हणजे काहीतरी बिघडलं, असं वाटायचं मला. ती डब्याचं झाकण लावत राहिली. मग म्हणाली, “तू बंद केलास त्याच्या आधीच माझा खेळ गेला होता, आई. तू कडेला उभी असायचीस. चढाईला गेले की समोरच्या पोरींकडे बघायचं सोडून मी तुझ्या तोंडाकडे बघायचे. मागं बघणारा चढाईपटू धरला जातोच.”

हे मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते, चूक एका संध्याकाळची आहे.

बराच वेळ आम्ही दोघी चकल्या मोजत बसलो. नंतर तिनंच विचारलं, “आणि तू आता जिन्यावर धावतेस म्हणे. काकूंनी सांगितलं. किती वेळ?”

“वीस सेकंद. तीनदा.”

“वीस?” तिनं माझ्याकडे पाहिलं. “चढाई तीसची असते.”